कराचा डबा वेगळा ठेव

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला, तेव्हा मी ओटा पुसत होते. "ताई, तो दुकानदार म्हणतोय, जीएसटीचं बिल देणार असशील तरच माल ठेवतो," एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मग हळूच कागवाडच्या ऑर्डरचं सांगितलंस. ती घ्यावी की नको, तेही कळेना म्हणालीस. तुझ्या गप्प होण्याचा अर्थ मला कळतो गं. शाळेत गणिताचा पेपर अवघड गेला की तू अशीच गप्प व्हायचीस. फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगून तुझी भीती वाढवायची नव्हती, म्हणून आज घरातलं सगळं आवरून लिहायला बसले. दुपारी कढई उतरली, बायका जेवायला बसल्या की निवांत वाच.

आधी मन शांत कर. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. सासूबाईंच्या चुलीवर सुरू केलेलं भडंग तू कुपवाड एमआयडीसीत बामणोलीच्या बाजूला गाळा घेऊन, दोन बायका हाताशी घेऊन, महिना ३ लाखांपर्यंत नेलंस. वर्षाचे झाले ३६ लाख. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात ४० लाखांच्या वर उलाढाल गेली की नोंदणी लागते. म्हणजे तू उंबऱ्याशी आली आहेस, उंबरा ओलांडलेला नाहीस. फक्त एक लक्षात घे. त्या ४० लाखांत तुझ्या पॅनवरचं सगळं मोजतात. भडंग मोजायचं, शेंगदाण्याची चटणी मोजायची आणि ज्याच्यावर एक पैसाही कर नाही ते पापडही मोजायचे. पापड करमुक्त आहेत म्हणून ते उलाढालीतून वगळले, अशी चूक मी आमच्या ऑफिसात कितीतरी वह्यांमध्ये पाहिली आहे.

आता कोणीतरी तुला हमखास सांगेल, की निम्मा धंदा सासूबाईंच्या नावावर दाखव, म्हणजे दोघी ४० लाखांच्या आत राहाल. तसं करू नकोस. गाळा एक, कढई एक, बायका त्याच, पैसे तुझ्याच खात्यावर, आणि बिलं दोन नावांची. हे उघडकीला येतंच, आणि येतं तेव्हा सासूबाईंना या वयात नोटिशीवर सही करावी लागते.

तुझ्या मनात बसलंय, की नोंदणी केली की ५ टक्के आपल्या खिशातून जाणार. तसं नाही बाई. हा कर पाकीट फोडून भडंग खाणारा देतो. तू फक्त तो त्याच्याकडून घेऊन सरकारकडे पोचवतेस. आठवतं, आईच्या फडताळात डबे असायचे? दुधाचा डबा, किराण्याचा डबा, भिशीचा निळ्या झाकणाचा डबा. घरात कितीही ओढ असली तरी भिशीच्या डब्याला ती हात लावायची नाही, कारण ते पैसे आठ बायकांचे होते. अण्णांनी एकदा औषधफवारणीसाठी मागितले तर तिनं शेजारून उसने आणून दिले, पण तो डबा उघडला नाही. कराचे पैसे तस्सेच समज. ज्या धंद्यांची घडी या करापायी विस्कटलेली मी पाहिली, तिथं कर जास्त होता असं क्वचितच दिसलं. कराचे पैसे मालाच्या पैशांत मिसळले गेले, पोरांच्या फीला किंवा दुकानाच्या रंगाला गेले आणि २० तारखेला भरायला नव्हते, असंच बहुतेक ठिकाणी झालं होतं.

आता यंत्रणा कशी बांधली आहे ते सांगते. ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

तू महिन्याला ३ लाखांचं भडंग विकतेस असं धर. त्यावर ५ टक्के म्हणजे १५,००० रुपये तू गिऱ्हाइकाकडून घेशील. पण हा माल करताना तूही कर देऊन बसली आहेस. चुरमुरे सुट्टे घेतेस, त्यावर कर नाही. ४०,००० चं तेल घेतलंस, ५ टक्क्यांनी २,००० गेले. व्यापाऱ्याकडून ५०,००० चे शेंगदाणे, त्यावर २,५००. छापील पाऊच २०,००० चे, पण त्यावर कर १८ टक्के, म्हणजे ३,६००. गाळ्याचं भाडं १०,०००, मालकाची नोंदणी असेल तर त्यावर १,८००. बेरीज झाली ९,९००. नोंदणी असेल तर हे ९,९०० तुला वजा मिळतात आणि सरकारला भरायचे राहतात ५,१००. पाऊचवाल्यानं त्याचा कर भरला, तेलवाल्यानं त्याचा, आणि तू फक्त तुझ्या हातून मालाची जी किंमत वाढली तेवढ्यावरचा. साखळीतला प्रत्येक जण आपापल्या कडीचा कर भरतो आणि सगळा मिळून भार येतो तो शेवटच्या गिऱ्हाइकावर. १९५४ साली फ्रान्समध्ये मोरिस लोरे नावाच्या अधिकाऱ्यानं ही कल्पना पहिल्यांदा अमलात आणली. आपल्याकडे देशभर असा एकच कर असावा, असं विजय केळकरांच्या समितीनं २००४ च्या अहवालात मांडलं. प्रत्यक्षात तो यायला १ जुलै २०१७ उजाडावं लागलं.

तोपर्यंत काय होतं ते तुला फारसं आठवणार नाही, तू लहान होतीस. मला जकात नाका आठवतो. अण्णांबरोबर टेम्पोत पुढं बसून सांगलीला यायचे, तेव्हा नाक्यावर ट्रकांची रांग असायची. डिझेलचा वास, उन्हात उभे ड्रायव्हर, खिडकीत पावत्यांची बुकं. गावाच्या वेशीवर माल अडवून कर घ्यायचा आणि मग आत सोडायचा. महापालिकांत जकात गेली तशी तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये राज्यभर दुकानं बंद राहिली, आपल्याकडचे व्यापारीही हिरिरीनं उतरले होते. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून मोकळं केलं आणि जीएसटी आल्यावर ती उरलीसुरलीही गेली. मोठ्या कारखान्यातल्या मालावर आधी उत्पादन शुल्क लागायचं आणि त्या शुल्कासकट झालेल्या किमतीवर व्हॅट, म्हणजे करावर कर. कर्नाटकात माल पाठवला तर २ टक्के केंद्रीय विक्रीकर, घेणाऱ्याकडून मिळवायचा सी फॉर्म, आणि तो कर कुणालाच वजा मिळायचा नाही. मी कामाला लागले तेव्हा सी फॉर्मच्या मागे वर्ष वर्ष फोन करत असे. म्हणून जीएसटीबद्दल कितीही तक्रारी असल्या, आणि माझ्याही आहेत, तरी करावरचा कर आणि सी फॉर्ममागची ती फोनाफोनी गेली याचं मोल मला वाटतं.

अर्थात साखळी सगळीकडे सलग नाही. पेट्रोल, डिझेल आणि वीज अजून बाहेरच आहेत. टेम्पोचं डिझेल आणि गाळ्याचं वीजबिल यांतल्या कराचं काहीही तुला वजा मिळणार नाही. राज्यांना आपला हुकमी पैसा हातचा सोडवत नाही, हे त्यामागचं कारण. दर ठरवते जीएसटी परिषद. तिथं केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आणि सगळ्या राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश. ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे एकट्या केंद्राचं चालत नाही आणि केंद्राशिवायही चालत नाही. त्यामुळं बदल सावकाश होतात, पण होतात. पाकिटातल्या नमकीनवर १२ टक्के होते, ते २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाले. तुझं भडंग त्यातच मोडतं. तू दोन वर्षांपूर्वी नोंदणी केली असतीस तर दुकानदाराला १२ टक्के लावावे लागले असते. वेळ तुझ्या बाजूची आहे.

तुझ्या जावेनं तुला कंपोझिशन स्कीम सुचवली आहे. तिचं म्हणणं चूक नाही, फक्त ते तुझ्या धंद्याला लागू पडतं का ते बघू. दीड कोटीच्या आतल्याला ही सोय आहे. उलाढालीच्या फक्त १ टक्का भरायचा, तीन महिन्यांतून एकदा भरणा आणि वर्षातून एक रिटर्न. पण बिलावर कर लावता येत नाही आणि तू दिलेला करही वजा मिळत नाही. कागद घे आणि माझ्याबरोबर मांड.

समजा सगळं भडंग तू थेट खाणाऱ्याला विकतेस, गाळ्यावरच किंवा जत्रेतल्या स्टॉलवर. करासकट किंमत ३,१५,०००. नेहमीच्या नोंदणीत कर बाजूला ठेवला की तुझ्याकडे मालाचे ३,००,००० राहतात. कंपोझिशनमध्ये ३,१५,००० पैकी ३,१५० कर भरलास आणि ते ९,९०० अंगावर घेतलेस, तरी हातात ३,०१,९५० राहतात. म्हणजे महिन्याला जवळजवळ २,००० जास्त, आणि कागदपत्रांची कटकट कमी. अशा वेळी कंपोझिशनच बरी.

पण तू विकतेस दुकानदारांना. नोंदणी असलेला दुकानदार ३,१५,००० देतो तेव्हा त्यातले १५,००० त्याला वजा मिळतात, त्याला माल पडतो ३ लाखाला. तू कंपोझिशनवाली असलीस तर त्याला काहीच वजा मिळणार नाही, मग तो ३ लाखाच्या वर एक रुपया देणार नाही. त्यातून तुझा १ टक्का गेला ३,००० आणि ते ९,९०० गेले. राहिले २,८७,१००. महिन्याला १२,९०० चं नुकसान. आणि तो दुकानदार परवा तुला जे बोलला ते रागानं बोलला नव्हता गं. त्याचं गणित हेच आहे. तू कोणाला विकतेस यावर तुझा निर्णय ठरतो. जावेचं पार्लर आहे, तिच्याकडे येणाऱ्या बायकांना कर वजा घ्यायचा नसतो. म्हणून तिला तसं वाटणं साहजिक आहे.

कागवाडचं तर याहून सोपं आहे. मिरज, म्हैसाळ आणि पुढं कागवाड. आपल्याला वाटतं शेजारचं गाव, सोयरीक तिकडं, बाजार इकडं. पण मधे राज्याची हद्द आहे. परराज्यात माल विकायचा तर ४० लाखांची सवलत उरत नाही, पहिल्या पोत्यापासून नोंदणी लागते. आणि कंपोझिशनवाल्याला परराज्यात विकताच येत नाही. म्हणून कागवाडची ऑर्डर घे, पण नोंदणीचा क्रमांक हातात आल्यावर. त्या बिलावर निम्मा-निम्मा केंद्राचा आणि राज्याचा कर लिहायचा नाही, ५ टक्के आयजीएसटी असं एकच लिहायचं. त्यातला राज्याचा वाटा कर्नाटकाला जातो, कारण हा कर माल जिथं खपतो तिथल्या राज्याचा, जिथं बनतो तिथल्याचा नाही. महाराष्ट्रासारख्या कारखान्यांच्या राज्यांना याचीच धास्ती होती. म्हणून पहिली ५ वर्षं दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाई देण्याचं ठरलं, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. गाडीत ५०,००० च्या वर माल असेल तर ई-वे बिल काढ. राज्यातल्या राज्यात ही मर्यादा १ लाख आहे, पण कागवाडला जाताना ५०,०००. टेम्पोवाला "काही होत नाही वहिनी" म्हणेल. त्याच्यावर विसंबू नकोस.

एक गोष्ट मी कधी कुणाला मोकळेपणानं सांगितली नाही. जीएसटी येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. चटणी-मसाल्याचा धंदा करणारी एक बाई आमच्या ऑफिसात यायची, तिचं काम माझ्याकडे होतं. तिनं २ लाखांचं पॅकिंग मशीन घेतलं. कर ३६,०००, बिल पक्कं, पैसे बँकेतून दिलेले. मी बिल पाहिलं आणि ३६,००० वजा घेतले. विकणाऱ्यानं ते सरकारला भरलेत का, पोर्टलवर दिसतात का, हे मी पाहिलं नाही. बिल हातात आहे म्हणजे झालं, असं मला वाटलं. दोन वर्षांनी नोटीस आली. विकणाऱ्यानं रिटर्नच भरलं नव्हतं, त्याची नोंदणीही रद्द झाली होती. ३६,००० परत भरा, वर १८ टक्क्यांनी व्याज. ती बाई माझ्यासमोर खुर्चीत बसून म्हणाली, "मी तर त्याला पैसे दिले होते ना हो?" मला उत्तर देता आलं नाही. चूक विकणाऱ्याची आणि भुर्दंड घेणारीला, ही या कायद्यातली गोष्ट मला आजही पटत नाही. पण कायदा तसा आहे, आणि मी त्या दिवशी दोन मिनिटं पोर्टल उघडलं असतं तर ती वाचली असती.

म्हणून तुला बजावून सांगते. तेल, पाऊच, शेंगदाणे, कुणाकडूनही घेताना आधी त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघ. १५ अक्षरं असतात, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, कर्नाटकाचा २९ ने, पुढं त्याचा पॅन. रिटर्न वेळेवर भरतो का, हेही तिथंच दिसतं. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी नावाचा तक्ता तयार होतो. त्यात जे बिल दिसेल तेवढंच वजा घ्यायचं, दिसत नसेल तर त्याच दिवशी फोन लावायचा. ४ रुपये स्वस्त देतो म्हणून बिनभरवशाच्या माणसाकडून पाऊच घेऊ नकोस, कारण त्याच्या एका चुकीत तुझे १८ रुपये जातील. आणि घेतलेल्या मालाचे पैसे १८० दिवसांच्या आत चुकते कर. ते राहिले तर वजा घेतलेला कर व्याजासकट परत करावा लागतो.

हेच उलट बाजूनंही आहे. तुझ्या दुकानदाराचा कर तुझ्या हातात. तू रिटर्न भरलं नाहीस तर त्याच्या टू-बीमध्ये तुझं बिल दिसणार नाही आणि पुढच्या खेपेला तो दुसऱ्याचं भडंग ठेवेल. ५ कोटींच्या आतल्यांना तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरायची सोय आहे, पण तुला पहिलं वर्ष मी दरमहाच भरायला लावणार. ११ तारखेच्या आत विक्रीची बिलं, २० तारखेच्या आत थ्री-बी नावाचं रिटर्न आणि पैसे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड, वर व्याज. दंडाच्या पैशाहून उशिराची सवय वाईट, ती एकदा लागली की सुटत नाही.

आणि पॅकिंग मशीन! तू म्हणालीस दिवाळीच्या आधी घ्यायचंय, ॲडव्हान्स द्यायला निघाली आहेस. थांब. नोंदणीच्या आधी घेतलेल्या मशीनचा कर वजा मिळत नाही. नोंदणीच्या वेळी गाळ्यात असलेल्या तेलाचा, शेंगदाण्यांचा, पाऊचचा मिळतो, वर्षाच्या आतली बिलं असली तर, आणि नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत तसं कळवलं तर. मशीनचा मात्र नाही. २ लाखांचं मशीन नोंदणीनंतर घेतलंस तर ३६,००० जमेला राहतील. महिन्याला ५,१०० च्या हिशेबानं सात महिने तुला रोख भरावं लागणार नाही. नोंदणी होईपर्यंत कळ काढ.

गाळ्याच्या मालकांना एवढं विचार, त्यांची नोंदणी आहे का. नसेल तर भाड्यावरचे १८ टक्के तुलाच रोख भरावे लागतील, १० ऑक्टोबर २०२४ पासूनचा हा नियम आहे. ते पुन्हा वजा मिळतात, पण आधी हातातून जातात. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

जावईबापूंनाही एक निरोप. त्यांचं लेथवरचं जॉबवर्क माल नव्हे, सेवा धरतात. त्यांना ४० नाही, २० लाखांची मर्यादा आहे. आणि अशा जॉबवर्कवर आधी १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाले. फौंड्रीला जुन्या दरानं कोटेशन देऊन बसले असतील तर आजच फोन करायला सांग. कास्टिंग चलनावर येतं, ते वर्षाच्या आत परत गेलं पाहिजे, चलनं फाइलला लावून ठेवा म्हणावं.

अण्णांचं राहिलं. तू विचारलंस, तुझी नोंदणी झाली तर त्यांच्या बेदाण्यालाही कर लागेल का. नाही गं, मुळीच नाही. स्वतः कसून पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीच लागत नाही. बेदाण्याबद्दल मधल्या काळात फार गोंधळ झाला होता, कारण द्राक्ष सुकवलं की तो शेतमाल राहिला का, असा प्रश्न काढला गेला. अण्णा तेव्हा रात्र रात्र शेडमध्ये बसायचे. रॅकवर हिरवा बेदाणा, हातात बॅटरी, आणि एकच प्रश्न, "आता आम्हालाबी नोटीस येणार काय?" शेवटी २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या बैठकीत परिषदेनं स्पष्ट केलं, की शेतकऱ्यानं विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही. पुढं व्यापारी विकतो तेव्हा ५ टक्के लागतात. मी तो कागद छापून अण्णांना नेऊन दिला. त्यांनी घडी घालून तो हिशेबपट्ट्यांच्या पिशवीत ठेवला आहे.

पण करमुक्त म्हणजे अण्णा कर देत नाहीत असं समजू नकोस. बागेला मारायच्या औषधावर १८ टक्के, खतावर ५. ते त्यांना कुणाकडून वजा मिळत नाहीत, कारण ते साखळीच्या बाहेर आहेत. मुका कर म्हणते मी त्याला. पावती दिसते, पण परत मागायची सोय नाही. तू साखळीच्या आत जाते आहेस, तुला ती सोय आहे. सरकारदरबारी याचा विचार करणाऱ्यांनी एकदा तासगावच्या बाजूच्या एखाद्या बागेतली औषधाची बिलं मांडून बघावीत, असं मला फार वाटतं.

नोंदणीला सरकारी फी नाही. कुणी ५,००० मागितले तर ती त्याची मजुरी, सरकारची नव्हे. मी असताना तुला तीही द्यायची नाही. पुढच्या रविवारी सकाळी येते. भाडेकरार, गाळ्याचं वीजबिल, तुझं पॅन, आधार, बँकेचं पासबुक एका पिशवीत काढून ठेव. आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून ठेव, ओटीपी त्याच्यावर येतो. वर्षभरातली तेलाची आणि पाऊचची बिलं सापडतील तेवढी सुतळीनं बांध, फाटकी असली तरी चालतील. बँकेत कराचं दुसरं खातं सोमवारी उघडू. तोवर रोजच्या गल्ल्यातले ५ टक्के बाजूला काढायची सवय लागावी, म्हणून आईचा तो निळ्या झाकणाचा डबा घेऊन येते. इतकी वर्षं माझ्या माळ्यावर नुसता पडून आहे, घासून ठेवलाय.